पुढे सरकवलेली चिठ्ठी

“माणसांचं बोलणं ऐकू आलं नाही तरी चालेल मला. ब्याऐंशी वर्षं ऐकलं, साकु, पुरे झालं! गाणं ऐकू येईल का, तेवढं सांग.”

तिरुमलराव अज्जा माझ्या क्लिनिकमध्ये आले ते हे बोलतच. डोक्यावर तपकिरी लोकरीची टोपी, हातात छत्री, आणि मागून फाइल, पाण्याची बाटली नि दुसरी छत्री सांभाळत त्यांचा नातू. बाहेर मैसूरच्या बोगादी रोडवर भुरभुर चालली होती. नातवाच्या चष्म्यावर पाणीच पाणी. त्यानं खिशात रुमाल शोधला, तो मिळेना, मग चक्क अज्जांच्या टोपीला चष्मा पुसला. मला हसू फुटलं. त्यानं चष्मा घातला, मला हसताना पाहिलं, आणि... थबकला. अगदी दारातच. मागच्या बाई ‘सरका की जरा’ म्हणेपर्यंत तसाच उभा.

मला वाटलं, मी छान दिसते म्हणून थबकला असेल. अहो, चौतीस वर्षांच्या बाईनं एवढं वाटून घ्यायला काय हरकत आहे?

मी ऑडिओलॉजिस्ट. गल्लीच्या भाषेत सांगायचं तर ‘कानाच्या मशीनची सुमा’. आता ही मशीनं केलेली असतात बोलणं ऐकायला. गाणं त्यातून ऐकलं की पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं लागतं. म्हणून गाण्याच्या वेडाची म्हातारी माणसं आली की मी एक प्रश्न विचारते – तुमच्या तरुणपणची, आजवर न विसरलेली मैफल कुठली? माणूस सांगत सुटतो, आणि त्याला नेमकं काय परत हवंय ते मला कळतं. कुणाला व्हायोलिनचा टोकाचा सूर हवा असतो, कुणाला मृदंगाची डावी बाजू. एक आजी होत्या, त्यांना फक्त तंबोरा हवा होता. म्हणाल्या, “बाकीचं मी मनात गाईन.” मैसूरच्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाकडे अशी एक तरी मैफल असतेच. माझी वेळापत्रकाची वही त्यापायी रोज कोलमडते, पण ते असू दे.

अज्जांना विचारलं. त्यांचे डोळे एकदम लखलखले.

“बासष्ट साल! दसऱ्यात वीणा होती. आत मुंगी शिरायला जागा नाही. मी खिडकीला लागून पावसात उभा, साडेतीन तास. उजवा कान आत, डावा कान बाहेर. म्हणून बघ, उजवा अजून बरा आहे माझा!”

“वीणेसाठी वेगळं सेटिंग करून देते,” मी म्हटलं. “दोन आठवड्यांनी या.”

“काय म्हणते ती?” अज्जांनी नातवाला विचारलं.

नातू त्यांच्या उजव्या कानाशी वाकला. “म्हणते, दर बुधवारी यावं लागेल. नातवाला घेऊनच.”

“मी असं म्हटलेलं नाही!”

“मग काय म्हटलंत?”

“दोन आठवड्यांनी.”

तो पुन्हा वाकला. “म्हणते, दोन आठवडे फार होतात.”

अज्जा माझ्याकडे बघून समजूतदारपणे मान हलवायला लागले. मला राग यायला हवा होता. मी रागीट आहे, सगळं क्लिनिक सांगेल तुम्हांला. पण मी फाइलीत तोंड खुपसून ‘बुधवार’ लिहिलं.

त्याचं नाव विश्वेश. घरांचे नकाशे काढायचा. बारा वर्षं बेंगळूरुला होता, आजी गेल्यावर अज्जा एकटे पडले म्हणून परत आला. घरी मराठी बोलणारी माणसं, आमच्यासारखीच. फक्त त्यांचे पूर्वज महाराजांच्या कचेरीत कारकून, आणि आमचे घोडदळात शिपाई.

“तरीच,” तो म्हणाला, “तुमच्या मराठीला टापांचा आवाज येतो.”

“आणि तुमच्या मराठीला शाईचा वास. आमचे पणजोबा लढाईला निघाले की तुमचे पणजोबा काय करायचे हो?”

“त्यांच्या घोड्यांच्या चंदीचा हिशोब लिहायचे. भांडण काय, तेव्हापासूनचं आहे आपलं.”

बुधवार आला. मशीन बसवलं, आवाज जुळवला, आणि अज्जा दचकून म्हणाले, “अय्यो, तुझ्या पंख्याला किती आवाज आहे!” ऐकू यायला लागल्याच्या आनंदात ते बोलतच सुटले. “वीणा सांगितली मी, पण सगळ्यात मजेची मैफल दुसरीच. गणपतीच्या मांडवातली, चौदा वर्षांपूर्वीची. चिठ्ठीची! ऐकली आहेस?”

माझे हात मशीनवर तसेच राहिले.

ऐकली होती. अख्ख्या भागानं ऐकली होती. आमच्याकडे कर्नाटक संगीताच्या कचेरीत, म्हणजे मैफलीत, एक रीत आहे – कुणाला अमुक राग, तमुक पद ऐकायचं असलं की तो चिठ्ठी लिहितो आणि पुढच्याच्या हातात देतो. ‘मुंदे कोडी’, म्हणजे ‘पुढे द्या’. चिठ्ठी हातोहात पुढे जाते, पहिल्या रांगेतला माणूस ती गायकाच्या पायाशी ठेवतो. घडी उघडून बघायची नाही, विचारायचं नाही. मांडवात घडी केलेला कागद एकाच दिशेला जातो.

“तर त्या दिवशी,” अज्जा हसत म्हणाले, “बेंगळूरुचे वयस्क विद्वान गवई गायला होते. शेवटाकडं चिठ्ठी आली. अक्षरं कन्नड, पण वाचली तर भाषा कळेना! आपली माणसं नाही का, मराठी कन्नड अक्षरांत लिहितात? तसलं. विद्वानांना वाटलं, मराठी दिसतंय म्हणजे कुणीतरी अभंग मागितला. त्यांनी चाल आठवावी म्हणून ती ओळ माइकवर गायलाच घेतली! ‘हिरव्या दावणीवाली, ताल चुकलीस की तू हसतेस... ते बघायला मी रोज येतो...’ आणि व्हायोलिनवाला मागून वाजवतोय! कन्नड मंडळी डोळे मिटून मान डोलावतायत. आणि आम्ही चार मराठी घरं...” अज्जांना पुढे बोलवेना, इतके ते हसत होते.

“ती हिरव्या ओढणीवाली, दावणीवाली मुलगी मीच होते,” मी म्हटलं.

विश्वेशच्या हातातली फाइल खाली पडली. कागद सगळीकडे. अज्जांचं हसू विरलं. “तुझे वडील... ते रेल्वेच्या कारखान्यातले नागोजीराव?”

मी हो म्हटलं.

आता तुम्ही चाणाक्ष आहात, चिठ्ठी कुणी लिहिली ते तुम्हांला कळलंच असेल. मला कळायला ऑगस्ट उजाडला. मी त्या दिवशी कागद गोळा करणाऱ्या त्याच विश्वेशला खुर्चीवर बसवून, पाणी देऊन, माझं सगळं दुःख सांगितलं. त्यालाच!

मी बारा वर्षांची असताना आई गेली. त्या वर्षी अप्पा मला पहिल्यांदा मांडवात घेऊन गेले. मग दर वर्षी, दहाच्या दहा संध्याकाळी, आम्ही दोघं. अप्पा जमखान्यावर पहिल्या रांगेत, मी त्यांच्या मागे. अप्पा मांडीवर ताल धरायचे, मी बघून बघून धरायचे आणि हमखास चुकायचे. ती संध्याकाळ आली तेव्हा मी वीस वर्षांची. मागे बसलेल्या कुणा मामींनी माझ्या हातात घडी घातलेली चिठ्ठी दिली. ‘मुंदे कोडु.’ मी पुढे दिली. अप्पांच्या हातात! आणि अप्पांनी ती विद्वानांच्या पायाशी ठेवली. पुढचं अज्जांनी सांगितलंच. मग लोक माझ्याकडे वळून बघायला लागले, अप्पा उठले, ओरडले, आणि माझा हात धरून मला घरी घेऊन आले. त्यानंतर अप्पा कुठल्याच गाण्याला गेले नाहीत. गणपतीचे दहा दिवस मांडवाकडची खिडकीसुद्धा बंद. लाउडस्पीकरचा आवाज येतो ना.

“माझ्यामुळं गेलं त्यांचं गाणं,” मी विश्वेशला म्हटलं. “मी हसले नसते, नीट बसले असते, चिठ्ठी उघडून बघितली असती... ज्या कुणी लिहिली ना ती, एकदा सापडू दे मला. कान उपटून हातात देईन!”

“आणि मग... मशीन बसवाल?” तो कसंबसं म्हणाला.

मी हसले. तो मात्र हसला नाही.

नंतर तो येतच राहिला. अज्जांना घेऊन, मग अज्जांशिवाय. एकदा बॅटरी कुठल्या बाजूनं घालायची ते विचारायला. एकदा मशीनची डबी दाखवायला – नुसती डबी! मी म्हटलं, “डबीला काय झालं?” तर म्हणतो, “तिला करमत नव्हतं.” गोकुलमला एका लहानशा हॉटेलात आम्ही डोसा खाल्ला, चटया काखोटीला मारलेल्या परदेशी योगवाल्यांच्या गर्दीत. त्यानं माझ्या ताटातली चटणी न विचारता घेतली. तेव्हापासून ‘तुम्ही’ गेलं, ‘तू’ आलं. परत येताना जोराची सर आली. एकच छत्री, तीही अज्जांची, काडी मोडलेली. मोडकी बाजू त्यानं स्वतःकडे घेतली. माझ्या वेणीचं टोकसुद्धा भिजलं नाही, आणि तो खांद्यापासून चपलेपर्यंत चिंब... मी त्या दिवशी घरी येऊन भाताला मीठ दोनदा घातलं. अप्पा नुसतं ताक जास्त प्यायले.

मग तो शुक्रवार. क्लिनिक रिकामं होतं. मी सहज म्हटलं, “चल, तुझे कान तपासते.” त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले. हेडफोन नीट करताना त्याच्या कानाला बोट लागलं. कान लाल झाला. माझेही झाले असतील, मला दिसत नाहीत ते.

काचेच्या अलीकडे बसून मी माइक सुरू केला. “आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. इकडे दिवा लागतो. बोलायचं नाही.”

दिवा लागला.

“अजून आवाज दिलाच नाही मी!”

दिवा पुन्हा लागला. लबाड हसत होता आत.

मी बारीक बारीक शिट्ट्या दिल्या. एकूण एक ऐकल्या त्यानं. मग मला काय झालं कोण जाणे... मी आवाजाचं बटण पार शून्याखाली नेलं. मांजरालासुद्धा ऐकू येणार नाही, इतकं खाली. आणि माइकवर हळूच म्हटलं, “विश्वेश, मला तू फार आवडतोस.”

दिवा लागला.

मी खुर्चीतून उठलेच. धडधडत जाऊन दार उघडलं. “तुला ऐकू आलं? शक्यच नाही!”

“ओठ दिसले,” तो हेडफोन काढत म्हणाला. “काच आहे ना मध्ये. तोंड झाकायला विसरलीस.”

दहा वर्षांत मी कधी विसरले नव्हते हो तोंड झाकायला! पहिल्या दिवशी शिकवतात ते.

“मग?” मी विचारलं. “बटण का दाबलंस?”

“कारण मलाही...” तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं हसू एकदम उतरलं. “सुमा, उद्या सकाळी कुक्करहळ्ळी तळ्यावर येशील? आधी एक सांगायचंय. ते ऐकून मग ठरव.”

मी वेडी, मला वाटलं लग्नाचं विचारणार. मी पहाटे उठून केस धुतले, जांभळा ड्रेस इस्त्री केला. तळ्याच्या बांधावर तो उभा होता, आदल्या दिवशीच्याच शर्टात. झोपलेला दिसत नव्हता. फिरायला आलेली माणसं कडेकडेनं जात होती.

“सुमा, ती चिठ्ठी मी लिहिली होती.”

मला आधी कळलंच नाही. कुठली चिठ्ठी? मग कळलं.

“मी बावीसचा होतो,” तो भराभर बोलायला लागला, थांबलो तर पुन्हा जमणार नाही अशा घाईनं. “आठ दिवस रोज तुझ्या मागे चार रांगा सोडून, तोंड दिसेल असा तिरका बसायचो. तुम्ही दोघं मराठी बोलताना ऐकलं होतं. म्हटलं, मराठीत लिहू, दुसऱ्या कुणाच्या हाती लागली तरी कळणार नाही. घरात आजी मराठी कन्नड अक्षरांत लिहायची, तसंच लिहिलं. पुढच्या माणसाला बोट करून दाखवलं, हिरव्या दावणीवालीला द्या. पण मांडवात चिठ्ठी कुणासाठी असते? सगळ्यांनी पुढेच दिली. तूसुद्धा. ते गायला लागले तेव्हा मी पळालो, सुमा. स्कूटर काढली ती गावाबाहेर येलवालला जाऊन थांबवली.”

“आणि तुला माहीत होतं? क्लिनिकमध्ये आलास तेव्हा?”

“तू हसलीस तेव्हाच ओळखलं.”

“म्हणजे जूनपासून! मी तुझ्यासमोर बसून... अप्पांचं सगळं सांगितलं तुला... आणि तू पाणी पीत बसलास?”

“मी सांगणार होतो. रोज ठरवायचो. मग तू हसायचीस, आणि वाटायचं आज नको, उद्या...”

मला इतका संताप आला, इतका संताप आला, की माझी मराठी संपली आणि मी कन्नडात भांडले. चिठ्ठीचं एवढं नव्हतं हो. बावीस वर्षांच्या मुलानं लिहिलं, ठीक आहे. पण अडीच महिने? “माझ्या अप्पांनी चौदा वर्षं खिडकी उघडली नाही,” मी म्हटलं. “मला तोंड दाखवू नकोस.”

तो बाजूला झाला, मला वाट दिली. घरी येऊन मी जांभळा ड्रेस बादलीत बुडवला आणि बादलीजवळ बसून रडले. कारण राग होता तो होताच, पण तो मला हवा होता, तेही तितकंच खरं होतं. दोन्ही एकदम कसं सांभाळायचं ते कुणी शिकवत नाही.

गणपती आले. तिसऱ्या दिवशी मी साडेपाचला घरी आले तर दारात ओल्या चपला. मोठ्या, डाव्या अंगठ्याशी शिवलेल्या. मला त्या चपला ओळखू येत होत्या. मी दाराशीच थांबले.

आत विश्वेश खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता. अप्पा समोर. मांडवाकडची खिडकी बंद, तरी लांबून ‘हेलो, हेलो, माइक चेक’ येत होतंच.

“...एवढंच सांगायला आलो, काका,” विश्वेश म्हणत होता. “वाईट मनानं लिहिली नव्हती. पण त्यानं तुमचं गाणं गेलं. रागावायचं तर रागवा. सुमाला काही बोलू नका, तिनं फक्त पुढे दिली.”

अप्पांनी दाराकडे मान वळवली. मग म्हणाले, “सुमा, दारात उभी राहून ऐकू नको. आत ये.”

मी आत गेले. अप्पा माझ्याकडे नाही, त्या बंद खिडकीकडे बघत होते.

“चिठ्ठीमुळं गेलो नाही मी? असं वाटत होतं तुम्हांला?” ते म्हणाले. “पोरानं पोरीला चिठ्ठी लिहिली, त्यात काय एवढं! मी काय केलं, ते कुणालाच आठवत नाही. सगळे ती गोष्ट हसून सांगतात. त्या विद्वानांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. चिठ्ठी त्यांच्या पायाशी ठेवली कुणी? मी. आणि भर मांडवात उठून त्यांच्यावर ओरडलं कोण? मीच. ‘पोरीबाळींची थट्टा करायला वर बसलात काय’ म्हणालो. पंच्याहत्तर वर्षांचा माणूस... कुणीतरी कानात अर्थ सांगितल्यावर उठून उभा राहिला, माझ्यापुढं हात जोडले, शेवटचं मंगलम म्हटलं आणि उतरून गेला. सुमे, तुझी आई गेली त्या वर्षी त्यांच्याच गाण्यानं मला उभं केलं होतं.”

अप्पांचा आवाज फुटला. मी कधी ऐकला नव्हता तो तसा.

“दुसऱ्याच दिवशी बेंगळूरुला जाऊन पाय धरायचे होते. स्टेशनपर्यंत गेलो आणि परत आलो. लाज वाटली. पुढच्या वर्षी जाऊ म्हटलं. मग त्याच्या पुढच्या... आणि एक दिवस पेपरात त्यांचा फोटो आला. गेले ते. आता कुणाची क्षमा मागू? कुठल्या तोंडानं मांडवात बसू?”

“अप्पा,” मी म्हटलं, “मला वाटायचं माझ्यामुळं...”

“तुझ्यामुळं?” अप्पा चमकून वळले. “अय्यो, पोरी! चौदा वर्षं असं वाटत होतं तुला? विचारायचं नाही?”

“तुम्ही सांगायचं नाही?”

आम्ही दोघं रडलो. अगदी हमसून. विश्वेश बिचारा, उठावं की बसावं कळेना, अर्धवट उभा राहिलेला. अप्पांनी डोळे पुसले आणि त्याच्याकडे नीट बघितलं.

“तू आलास,” ते म्हणाले. “चौदा वर्षांनी का होईना, दार वाजवून आलास. मला तेवढं जमलं नाही.” मग उठून त्यांनी खिडकीची कडी ओढली. गंजली होती, निघेना. विश्वेशनं हात लावला, तेव्हा निघाली. “आज कोण आहे?”

“बासरी आहे, काका. नवीन मुलगी आहे, चांगली वाजवते.”

अप्पा कपाटासमोर बराच वेळ उभे राहिले. मग पांढरा शर्ट घालून आले. “मी पुढे नाही बसणार,” म्हणाले. “मागेच बसेन.”

आम्ही मागेच बसलो. तिरुमलराव अज्जा आधीच आलेले, कानात मशीन, अप्पांना बघून त्यांनी काही न विचारता चटई सरकवली. मंडळाच्या अध्यक्षांचं भाषण सुरू झालं तसं अज्जांनी मशीन काढून खिशात टाकलं, बासरी सुरू झाल्यावर परत घातलं. वर पत्र्यावर बारीक पाऊस वाजत होता. मुलीनं खरहरप्रिया राग धरला. अप्पांनी डोळे मिटले. पहिला अर्धा तास त्यांचा हात मांडीवर नुसता पडून होता. मग एक बोट उचललं. मग दुसरं. मग सगळा हात ताल धरायला लागला, आणि मला समोरचं काही दिसेना.

विश्वेश अज्जांच्या पलीकडे बसला होता. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. तोंड दाखवू नको म्हटलं होतं ना मी, म्हणून सारखा खांबाकडे बघत होता.

मग तनी सुरू झाली. तनी म्हणजे बासरी थांबते आणि मृदंगवाला एकटाच वाजवतो. अर्धा मांडव तेव्हा उठून कॉफीला जातो, आणि अप्पांना ते कधी खपलं नाही. मृदंगवाल्याचा अपमान आहे म्हणायचे. मला तर लहानपणी तहान लागली तरी तनीत उठू दिलं नाही. एकदा त्यांच्या साहेबांना हात धरून खाली बसवलं होतं त्यांनी.

आज डोळे न उघडता ते म्हणाले, “सुमा, जा. कॉफी पिऊन ये.”

मला वाटलं, चुकून म्हणाले. “अप्पा, तनी चाललीय.”

“ऐकू येतंय मला. त्यालाही घेऊन जा. आणि सावकाश या.”

“मलाही ऐकू येतंय,” अज्जा म्हणाले, “ऊठ रे, विश्वेश!”

मांडवाच्या बाजूला स्टीलच्या पिंपातून कॉफी देत होते. आम्ही दोन पेले घेतले आणि पत्र्याच्या कडेखाली उभे राहिलो. त्याचा एक खांदा पावसात. मी त्याची बाही धरून त्याला आत ओढलं.

“राग गेला?” त्यानं विचारलं.

“नाही.”

“मग?”

“राग आहे. महिनाभर तरी राहील. पण तू रोज समोर ये, म्हणजे मला नीट रागावता येईल.”

तो इतक्या गंभीरपणे हो म्हणाला की मला हसू आलं. आणि मी हसले तसा तो... अगदी तसाच थबकला, आणि ह्या वेळेला का थबकला ते मला माहीत होतं.

“विश्वेश, अप्पांनी आजवर कुणाला तनीत उठू दिलं नाही. आपल्याला उठवलं. कळलं का काही?”

“कॉफी हवी असेल त्यांना?”

“मठ्ठ कुठला! हो म्हणालेत ते.”

“अच्छा...” त्यानं पेला खाली ठेवला. चष्म्याआडचे डोळे भरून आले होते. “आणि तू?”

“मी तर काचेपलीकडूनच म्हटलं होतं,” मी म्हणाले. “आता कानात सांगते, थांब.”

मी टाचा उंचावून सांगितलं. काय सांगितलं ते तुम्हांला कशाला हवं? आत मृदंग रंगात आला होता, तनी संपत आली असावी. पण अप्पांनी सावकाश या म्हटलं होतं, म्हणून आम्ही कॉफी सावकाशच प्यालो.